समाधी लागली की डोळा लागला?

प्रश्न : माझे वय ६३. निवृत्त झाल्यापासून चार वर्षे रोज पहाटे अर्धा तास ध्यानाला बसतो. अलीकडे असे होते, की पहिली पाच-सात मिनिटे श्वासाकडे लक्ष राहते आणि मग मधली पंधरा-वीस मिनिटे कुठे गेली ते कळतच नाही. गजर वाजला की भान येते. सोबत बसणारे मित्र म्हणतात, "अहो, तुम्हाला समाधी लागते!" सौभाग्यवती म्हणतात, "डोळा लागतो." खरे काय समजावे? समाधीच्या पायऱ्या असतात असे ऐकले आहे. त्या किती, आणि आपण कुठल्या पायरीवर आहोत हे कसे ओळखायचे? आणखी एक : समाधी लागणे आणि ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेणे, ही एकच गोष्ट का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या पत्रातले 'कुठे गेली ते कळतच नाही' हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. तुमच्या शंकेचे उत्तर त्यांतच आहे. योगशास्त्राने वर्णिलेली समाधी सुरू होते ती कळणे अधिक स्वच्छ झाल्यामुळे, कळणे बंद पडल्यामुळे नव्हे. पाच-सात मिनिटांनंतर वीस मिनिटांचा कोरा तुकडा आणि मग गजर, हे वर्णन झोपेचे आहे. तुमच्या पत्नीचे निदान मला बरोबर वाटते. यात खट्टू होऊ नका. पहाटे बसणाऱ्या बहुतेकांच्या वाटेत हा टप्पा येतो आणि त्यावर जुन्या आचार्यांनी नेमके उपायही सांगून ठेवले आहेत. मी स्वतः अभ्यास सुरू केला तेव्हा कित्येक महिने या कोऱ्या तुकड्यालाच मोठी प्राप्ती समजत होतो. शिकवणाऱ्यांनी एकच विचारले : "उठल्यावर डोके हलके असते की जड?" जड असायचे. पुढे काही बोलावे लागले नाही.

योगसूत्रे रचणाऱ्या पतंजलींनी चित्ताच्या वृत्ती पाच मानल्या : प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. निद्रा या यादीत आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आपण समजतो, झोपेत मन बंद असते. पतंजलींच्या मते झोपेतही मन कामावर असते. 'काही नाही' या अभावालाच ते धरून बसलेले असते. याचा पुरावा त्या सूत्रांवरचे व्यासभाष्य उठल्यानंतरच्या आठवणीत शोधते. एखादा सकाळी म्हणतो, मस्त झोप झाली, मन प्रसन्न आहे. दुसरा म्हणतो, झोप धड लागली नाही, चित्त थाऱ्यावर नाही. तिसऱ्याचे अंग जड असते, डोके सुन्न असते. काहीच अनुभवले नसते तर यातले काहीच आठवले नसते. आता, योग म्हणजे वृत्तींचा निरोध असे मानायचे, तर झोप हीसुद्धा आवरायची गोष्ट ठरते. ती ध्यानाचे फळ होऊ शकत नाही.

मग समाधी म्हणजे भान हरपणे ही समजूत आली कुठून? मला वाटते, मराठीत या शब्दाने जो प्रवास केला त्यातून. संन्याशाने अग्नीचा त्याग केलेला असतो, म्हणून त्याच्या देहाला दहन नाही; त्याला पुरतात आणि त्या जागेला समाधी म्हणतात. तिथून हा शब्द स्मारकाला चिकटला. रायगडावर आपण शिवछत्रपतींच्या समाधीचे दर्शन घेतो. पुढे होडी बुडाली तरी वर्तमानपत्रात 'जलसमाधी' आणि धरणाखाली गाव गेले तरी 'जलसमाधी'. असा शब्द कानावर पडत राहिला की त्याचा अर्थ बुडणे, संपणे, निपचित होणे असा मनात बसणारच.

त्याचा मूळ अर्थ मात्र आपल्या रोजच्या बोलण्यात सुखरूप आहे. सम् आणि आ हे दोन उपसर्ग आणि धा, म्हणजे ठेवणे, हा धातू : यांपासून समाधी. याच दोन उपसर्गांपासून आणि याच धातूपासून आपला समाधान हा शब्द. जिकडेतिकडे पांगलेले गोळा करून नीट एका जागी ठेवणे, हा दोन्हींचा गाभा. शंका फिटली की आपण शंकासमाधान झाले म्हणतो, कारण तोवर चार दिशांना धावणारे मन जागेवर येते. समाधीतही मन जागेवरच येते. ते नाहीसे होत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न इथेच घेतो. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीला समाधी घेतली. वारकरी परंपरा तिला संजीवन समाधी म्हणते आणि 'संजीवन' हा शब्द जिवापाड जपते, कारण तिच्या श्रद्धेने तो मृत्यू नाही. ते अवतारकार्य पुरे झाल्यावरचे, समजून-उमजून केलेले प्रयाण. अष्टांगयोगाचे आठवे अंग असलेली समाधी ही लागते, आणि साधक तिच्यातून उठून पुन्हा कामाला लागतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसनापासून कुंडलिनीपर्यंत ज्या वाटेचे वर्णन आहे, जिला महाराज पंथराज म्हणतात, ती या लागणाऱ्या समाधीची वाट. तो ग्रंथ त्यांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितला, समाधी घेण्याच्या सहा वर्षे आधी. लागणे आणि घेणे यांत नाते जरूर आहे, पण त्या दोन गोष्टी आहेत.

आता पायऱ्या. पतंजलींची पहिली गंमत अशी की धारणा, ध्यान आणि समाधी यांना ते वेगवेगळ्या तीन खोल्या मानत नाहीत. एकच क्रिया दाट होत जाते. चित्त एका ठिकाणी बांधले, ते सुटले, पुन्हा आणले : ही धारणा. तिथलाच प्रत्यय न तुटता वाहू लागला की ध्यान. जुनी उपमा तेलाच्या धारेची आहे. पाणी थेंबाथेंबाने पडते तेव्हा प्रत्येक थेंबामध्ये फट असते. डब्यातून बरणीत तेल ओतताना धार कुठे तुटलेली दिसत नाही. आणि त्या धारेत 'मी ध्यान करतो आहे' ही जाणीव इतकी पुसट झाली की फक्त ध्यानाचा विषयच प्रकाशत राहिला, तर ती समाधी. पुसट होतो तो 'मी'. विषय उलट अधिक ठसठशीत होतो. तुमच्या वीस मिनिटांत विषयच, म्हणजे श्वासच, नाहीसा झाला होता. फरक इथे आहे.

या समाधीतही थर आहेत आणि ते ओळखायला व्यासभाष्यातल्या गाईचा दाखला फार उपयोगी पडतो. आपण 'गाय' म्हणतो तेव्हा तीन गोष्टी एकमेकींत कालवलेल्या असतात : गाय हा शब्द, गोठ्यात उभे असलेले ते जनावर, आणि आपल्या डोक्यात उमटलेले गाईचे ज्ञान. तिन्ही वेगळ्या आहेत. शब्द तोंडात आहे, जनावर बाहेर आहे, ज्ञान आत आहे. पण रोजच्या व्यवहारात आपण त्या कधी सुट्या करत नाही. चित्त एखाद्या स्थूल वस्तूवर जडले आहे, पण नाव, वस्तू आणि तिच्याविषयीची आपली कल्पना यांची मिसळ अजून सुटलेली नाही, अशा समाधीला सवितर्क म्हणतात. नावाचा आणि जुन्या माहितीचा गाळ खाली बसला आणि नुसती वस्तूच उरली, की निर्वितर्क. इथे वितर्क म्हणजे वादविवाद नव्हे, हे ध्यानात असू द्या.

मला स्वतःला या साऱ्या शास्त्रात हा टप्पा सर्वांत सुंदर वाटतो. आपण आयुष्यभर वस्तू पाहतच नाही. वस्तूवर चिकटवलेली चिठ्ठी वाचून पुढे जातो. शेजाऱ्याला पाहत नाही, त्याच्याविषयीचे आपले मत पाहतो. एक वस्तू, एकदा तरी, चिठ्ठी काढून पाहता येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे! पतंजलींनी याला स्फटिकाची उपमा दिली. निर्मळ स्फटिकाजवळ जास्वंद ठेवली की तो लाल दिसतो, कारण मध्ये यायला त्याच्याजवळ स्वतःचा रंग नसतो.

यापुढे विषय सूक्ष्म होतो : शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांची मूळ तत्त्वे आणि त्यांच्याही पलीकडे थेट प्रकृतीपर्यंत. त्या विषयाला स्थळ, काळ आणि कारण यांची जोड असेतोवर ती सविचार समाधी. ती जोडही सुटली की निर्विचार. 'निर्विचार' हा शब्द आजकाल 'डोक्यात काही विचार नाहीत' एवढ्याच अर्थाने सर्रास वापरला जातो. पतंजलींचा निर्विचार फार पुढचा आहे. त्यात प्रावीण्य आले की अंतःकरण प्रसन्न होते आणि जी प्रज्ञा उगवते तिला ते ऋतंभरा म्हणतात : सत्यच धारण करणारी. ऐकीव ज्ञानाने किंवा अनुमानाने जे हाती येत नाही, ते वस्तूचे नेमके वैशिष्ट्य तिला कळते.

आनंद आणि अस्मिता या पुढच्या दोन अवस्था. व्यासभाष्याचे टीकाकार वाचस्पती मिश्र म्हणतात, आनंदाच्या समाधीत लक्ष बाहेरच्या विषयावरून हटून जाणण्याच्या साधनांकडे, इंद्रियांकडे वळते, आणि अस्मितेत केवळ 'आहे' एवढेच स्फुरण उरते. त्यांच्या हिशेबाने संप्रज्ञात समाधीचे, म्हणजे विषयाचे भान असलेल्या समाधीचे, एकूण आठ प्रकार. कित्येक शतकांनंतर विज्ञानभिक्षू या दुसऱ्या टीकाकारांनी हा हिशेब मोडीत काढला आणि सहाच मानले. दोघेही मोठे पंडित, दोघांपुढे तीच सूत्रे. म्हणून माझे सांगणे, की पायऱ्यांच्या आकड्यात अडकू नका. सहा माना की आठ, चित्त स्थूलाकडून सूक्ष्माकडे आणि शेवटी पाहणाऱ्याकडे सरकते, यावर दोघांचे दुमत नाही.

या सगळ्या अवस्थांत काही ना काही आलंबन, म्हणजे चित्ताला आधार, असते, म्हणून त्या सबीज. आलंबनही सोडले, फक्त संस्कार उरले, की असंप्रज्ञात. आणि प्रज्ञेचा संस्कारही आवरला गेला की निर्बीज. योगसूत्रांच्या कैवल्यपाद या शेवटच्या भागात येणारी धर्ममेघ समाधी त्याची असते, ज्याला सर्वोच्च विवेकज्ञानाचाही लोभ उरलेला नाही. वेदान्ती लोक सविकल्प आणि निर्विकल्प असे दोन भाग करतात. रमण महर्षी उठता-बसता, कामात असताना टिकणाऱ्या सहज अवस्थेला सर्वांत वर मानत. यापुढे लिहिण्याचा अधिकार माझा नाही.

इथे तुम्ही नक्की म्हणाल, असंप्रज्ञातातही काही कळत नाही; मग माझी वीस मिनिटे ती कशावरून नव्हेत? प्रश्न रास्त आहे. व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. क्षिप्त म्हणजे सैरावैरा, मूढ म्हणजे गुंगलेले, विक्षिप्त म्हणजे मधूनमधून स्थिरावणारे. आपण साधी माणसे बहुतेक वेळ या तिघांत फिरत असतो. निरुद्ध ही शेवटची, आणि तिच्या दारात एकाग्र उभे आहे. मूढातून निरुद्धात परस्पर उडी मारायला वाट नाही. तेव्हा स्वतःला एवढेच विचारा : कोऱ्या तुकड्याच्या आधी माझे लक्ष दीर्घकाळ अखंड आणि लख्ख होते का? विषय हळूहळू सूक्ष्म होत मी जाणतेपणाने सोडला, की तो हातातून गळून पडला? सोडणे निराळे, गळणे निराळे. गौडपादाचार्यांनीही मांडूक्यकारिकांत हाच भेद केला : झोपेत मन विरून जाते, निगृहीत मन विरत नाही.

यंत्रांनीही याची थोडी साक्ष दिली आहे. दिल्लीच्या एम्समध्ये बी. के. आनंद, जी. एस. छीना आणि बलदेव सिंग या संशोधकांनी काही योग्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवल्या. तो अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला. समाधीत बसलेल्या योग्यांच्या मेंदूत अल्फा लहरी टिकून होत्या. या लहरी शांत जागेपणाच्या असतात, गाढ झोपेच्या नव्हेत. एरवी मोठा आवाज झाला किंवा झगझगीत उजेड पडला की अल्फा लहरी मोडतात. ध्यानाबाहेर असताना या योग्यांच्याही मोडल्या; समाधीत मोडल्या नाहीत. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत नेले, त्याच रस्त्याचे हे पुढचे पाऊल. अर्थात यंत्राला लहर दिसते. ती लहर सवितर्काची की निर्विचाराची, हे त्याला सांगता येत नाही.

मग तुमच्या झोपेचे काय करायचे? सदानंदांच्या वेदान्तसारात निर्विकल्प समाधीची चार विघ्ने आहेत : लय, विक्षेप, कषाय, रसास्वाद. लय म्हणजे हीच तुमची गुंगी. विक्षेप म्हणजे मन दुसऱ्या विषयांकडे पळणे. कषाय म्हणजे आतल्या दडलेल्या वासनांनी मन ताठरणे. आणि रसास्वाद म्हणजे मध्येच मिळालेल्या सुखाची चव घेत तिथेच रेंगाळणे. लयावर गौडपादांचा उपाय अगदी सरळ आहे : मनाला जागे करा. पेंग आली की तिला ध्यान समजून कुरवाळू नका. डोळे अर्धे उघडा, पाठीचा कणा सरळ करा, चार-सहा दीर्घ श्वास घ्या. तेवढ्यानेही भागले नाही तर उठा, तोंडावर पाणी मारा, पाच मिनिटे येरझारा घाला आणि मग बसा. रात्री उशिरा जेवत असाल तर ते जेवण अलीकडे आणा. झोप पाच तासांची होत असेल तर आधी झोप पुरी करा. देहाची थकबाकी ध्यानाच्या आसनावर वसूल होते. अर्धा तास गुंगीत काढण्यापेक्षा दहा मिनिटे जागे बसणे केव्हाही बरे. श्वास दीर्घकाळ कोंडण्याचे प्रयोग मात्र जाणत्याच्या देखरेखीशिवाय करू नका.

एक काळजीची गोष्ट सांगून ठेवतो. असे कोरे तुकडे ध्यानाबाहेरही पडत असतील, बोलता बोलता, चालताना किंवा गाडी चालवताना, तर तो विषय योगाचा नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. दिवसा सारखी पेंग येत असेल, रात्री जोरात घोरणे असेल, तरीही दाखवा.

आणि मित्रांचे काय? ते प्रेमाने म्हणतात, पण त्यांच्या शब्दाने गाफील होऊ नका. पतंजलींनी बजावले आहे, की वरच्या स्थानी असलेले देव जेव्हा योग्याला 'या, बसा, रमा' म्हणून आमंत्रण देतात, तेव्हा त्याने भुलायचे तर नाहीच, पण देवसुद्धा माझी विनवणी करतात, असा गर्वही धरायचा नाही. भाष्यकार सांगतात, ही आमंत्रणे येतात ती दुसऱ्या टप्प्यावरच्या योग्याला. पुढे जायचे खूप बाकी असताना. आपल्याकडे योगी चांगदेवांची कथा आहेच. समाधीच्या बळावर चौदाशे वर्षे काळाला हुलकावणी दिली असे कथा सांगते, वाघावर बसण्याचे सामर्थ्य मिळवले, आणि ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतले तर मायना काय घालावा ते सुचेना. कागद कोराच गेला. त्या कोऱ्या पत्राला मिळालेले उत्तर म्हणजे चांगदेव पासष्टी.

आपण कुठल्या पायरीवर, याचे सर्वांत भरवशाचे माप मला गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सापडते. समाधीत स्थिरावलेल्या माणसाविषयी अर्जुनाला प्रश्न विचारायची संधी मिळाली तेव्हा त्याने 'त्याला आत काय दिसते' असे विचारले नाही. 'किती तास बसतो' असेही नाही. तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, हे विचारले. श्रीकृष्णांनी पुढच्या अठरा श्लोकांत जे सांगितले त्यात प्रकाश नाही, नाद नाही, अंगावरचे रोमांच नाहीत. दुःखात तो उद्विग्न होतो का, सुखाला लालचावतो का, त्याचे भय आणि क्रोध कुठे गेले, एवढेच आहे. गांधीजींच्या सायंप्रार्थनेत हे श्लोक रोज म्हटले जात. विनोबांनी १९४४ साली शिवनीच्या तुरुंगात त्यांवर व्याख्याने दिली, ती 'स्थितप्रज्ञ-दर्शन' या नावाने उपलब्ध आहेत. बौद्ध परंपरेतही शील, समाधी, प्रज्ञा हा क्रम आहे आणि शील पहिले आहे, तसेच अष्टांगात यम-नियम पहिले आहेत. पाया आचरणाचा आणि पारखही आचरणातच.

अधिक वाचायचे असेल तर कृ. के. कोल्हटकरांचा पातंजल योगदर्शनावरचा मराठी ग्रंथ, 'भारतीय मानसशास्त्र', हाती घ्या. जाडजूड आहे, पण घाई न करता वाचणाऱ्याला तो भरभरून देतो.

आणि एक विनंती. येता महिनाभर एक वही ठेवा. किती वेळ बसलात ते तिच्यात लिहू नका. पेंग आली का, आली तेव्हा ओळखता आली का, आणि आसनावरून उठल्यानंतरच्या दोन तासांत घरात आवाज चढला का, एवढ्या तीनच नोंदी करा. तिसरी नोंद मात्र तुम्ही करू नका. ती तुमच्या पत्नीला करू द्या. महिन्याने ती वही काय म्हणते ते मला जरूर कळवा.